विषाणूचें कवच

तंबाखूच्या पानावर हिरव्या व पिवळट ठिपक्यांची चित्रविचित्र नक्षी उमटावी, पान आकसावें आणि विक्रीस निकामी ठरावें, असा एक रोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हॉलंडमधील शेतकऱ्यांस फार छळीत होता. वाखेनिंगेन येथील अडोल्फ मायर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें त्याचा अभ्यास केला. रोगी पानाचा रस निरोगी झाडास टोंचला असतां तेंहि झाड आजारी पडतें, असें त्यानें १८८६ सालीं प्रसिद्ध केलें आणि ह्याच्या मुळाशीं कोणता तरी जंतु असावा असा तर्क बांधला. पाश्चर व कॉक ह्यांच्या यशाचा तो काळ. प्रत्येक रोगामागें एक जंतु उभा असणारच, अशी तेव्हां शास्त्रज्ञांची श्रद्धा होती. परंतु तंबाखूचा जंतु कांहीं केल्या सांपडेना.

१८९२ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें दिमित्री इव्हानोव्हस्की ह्यानें तोच रस चिनी मातीच्या बारीक गाळणींतून गाळला. ही गाळणी इतकी सूक्ष्म कीं तींतून कोणताहि ज्ञात जंतु पार होऊं शकत नसे. तरीहि गाळलेला रस पूर्वींइतकाच घातक राहिला. सहा वर्षांनीं, १८९८ मध्यें, डेल्फ्टच्या मार्टिनस बायेरिंक ह्यानें तो प्रयोग पुन्हां केला आणि त्यापुढें जाऊन असेंहि दाखविलें कीं, हा पदार्थ जिवंत व वाढत्या पेशींतच वाढतो, एरवीं नाहीं. तो जंतु नव्हे, तर ‘सजीव व द्रवरूप असा संसर्ग’ होय, असा त्यानें निर्णय दिला. विषाणुशास्त्राचा आरंभ पुष्कळ लोक ह्याच वाक्यापासून मानतात. त्या वाक्यांतील एक शब्द मात्र पुढें खोटा ठरला. जें द्रव आहे त्याला स्वतःचा आकार नसतो, आणि ज्याला आकार नाहीं त्याची रचना कोणी पाहावी?

श्रोतेहो, त्या निराकार द्रवास आकार कसा मिळाला, आणि त्या आकाराच्या ज्ञानाचा रोग्याच्या खाटेपाशीं काय उपयोग झाला, ही कथा आज आपणांपुढें मांडावयाची आहे. कथा सरळ नाहीं. तींत कांहीं उज्ज्वल यशें आहेत, तशीं कांहीं अशीं अपयशें आहेत कीं, त्यांची किंमत माणसांनीं प्राणांनीं दिली.

बायेरिंकच्या निर्णयास पहिला जोराचा धक्का बसला तो १९३५ सालीं. अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथें रॉकफेलर संस्थेच्या प्रयोगशाळेंत वेंडेल स्टॅन्ले ह्यानें तंबाखूच्या रोगी पानांच्या रसांतून सुईसारखे बारीक स्फटिक वेगळे केले. हे स्फटिक बाटलींत भरून ठेवावेत, हवे तेव्हां पाण्यांत विरघळवून निरोगी पानावर चोळावेत, कीं तें पान आजारी पडलेंच! जी वस्तु साखरेप्रमाणें स्फटिकरूप होते तिला सजीव म्हणावें कीं निर्जीव? त्या वादाचा निकाल आजहि पुरता लागलेला नाहीं. आमच्या जुन्या नैयायिकांच्या हातीं हा प्रश्न पडता तर त्यांनीं त्यावर पिढ्यानुपिढ्या आनंदानें काथ्याकूट केला असता. आपणांस त्यांत शिरण्याचें कारण नाहीं. स्टॅन्ले ह्याची समजूत होती कीं हे स्फटिक निव्वळ प्रथिनाचे आहेत. इंग्लंडांत बॉडेन व पिरी ह्यांनीं १९३६ मध्यें दाखविलें कीं तसें नाहीं. त्यांत शेंकडा सहा भाग, थोडाच पण नेमका, न्यूक्लिक आम्लाचा आहे. ह्या सहा टक्क्यांत रोगाचें सारें बीज सांठविलेलें होतें, हें कळण्यास आणखी वीस वर्षें जावीं लागलीं.

स्फटिक हातीं आला म्हणजे क्ष-किरणांचा मार्ग मोकळा होतो. ज्या वस्तूंतील अणु रांगेनें व शिस्तीनें बसलेले आहेत तिच्यावर क्ष-किरण सोडले तर ते ठराविक दिशांनीं विखुरतात आणि पलीकडच्या फिल्मवर ठिपक्यांची एक आकृति उमटते. सामान्य सूक्ष्मदर्शकांत विखुरलेला प्रकाश कांचेचें भिंग पुन्हां एकत्र आणतें. क्ष-किरणांस असें भिंग नाहीं, म्हणून भिंगाचें काम गणितानें करावें लागतें. जे. डी. बर्नाल व इसिडोर फॅन्कुखेन ह्यांनीं ह्या रीतीनें तंबाखूच्या विषाणूचीं चित्रें घेतलीं आणि तो सारख्याच घटकांनीं बांधलेला दंड असावा असें अनुमान काढलें. १९३९ सालीं जर्मनींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें त्याचें प्रत्यक्ष छायाचित्र घेतलें गेलें. लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी १८ नॅनोमीटर. एका मिलिमीटरच्या लांबींत असे सुमारें ३,३०० दंड एकापुढें एक मावतील. द्रवरूप संसर्गाची कल्पना तेथें संपली.

दंडाचें बाह्य रूप दिसलें, पण आंतील बांधणी दिसली नव्हती. ती उकलण्याचें श्रेय मुख्यतः एका स्त्रीस द्यावें लागेल. रोझालिंड फ्रँकलिन हें नांव बहुतेकांस डी.एन.ए.च्या संदर्भांत ठाऊक असतें, आणि तेंहि तिच्यावर झालेल्या अन्यायाच्या निमित्तानें. परंतु १९५३ सालीं ती लंडनच्या बर्कबेक कॉलेजांत बर्नालच्या विभागांत आली व पुढील पांच वर्षें तिनें विषाणूंस वाहिलीं. माझ्या मतें तिच्या आयुष्यांतील सर्वांत परिपक्व काम हेंच होय. तिच्या व तिच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानें चित्र स्पष्ट झालें. तंबाखूच्या विषाणूचा दंड पोकळ असतो. त्याच्या भिंतींत एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारें २,१३० घटक नागमोडी जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें बसविलेले असतात आणि दर तीन फेऱ्यांत ४९ पायऱ्या येतात. न्यूक्लिक आम्लाचा धागा मधल्या पोकळींत सैल पडलेला असेल, अशी सहज कल्पना होते. फ्रँकलिननें १९५६ सालीं दाखविलें कीं तो पोकळींत नसून भिंतींतच, मध्यरेषेपासून चार नॅनोमीटर अंतरावर, प्रथिनांच्या घटकांमध्यें रुतलेला आहे. म्हणजे कवच आणि आंतील मजकूर हे पेटी आणि पेटींतील कापड असे अलग नसून एकमेकांच्या आधारानें उभे आहेत.

ह्याच सुमारास कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें हाइन्झ फ्रेन्केल-कॉनरॅट ह्यानें एक विलक्षण प्रयोग केला. त्यानें व रॉब्ली विल्यम्स ह्यानें १९५५ मध्यें तंबाखूच्या विषाणूचें प्रथिन व त्याचें न्यूक्लिक आम्ल हीं दोन्हीं वेगळीं केलीं आणि पुन्हां एका नळींत मिसळलीं. कोणी कारागीर नाहीं, यंत्र नाहीं, तरीहि दंड आपोआप पुन्हां उभे राहिले आणि रोग निर्माण करूं लागले! लगेच पुढें त्यानें एका जातीच्या विषाणूचें कवच व दुसऱ्या जातीचें आम्ल असे मिश्र विषाणु बनविले. पानांत त्यांची जी संतति निपजली ती आम्लाच्या जातीची होती, कवचाच्या नव्हे. कवच हा केवळ अंगरखा, आणि अंगरखा बदलतां येतो. जनुकोपचाराचा इतिहास सांगणारे लोक आरंभ बहुधा फार पुढच्या काळापासून करतात. मला वाटतें त्याचें बीज ह्या तंबाखूच्या पानावरच पडलेलें होतें. एका विषाणूच्या कवचांत दुसऱ्याचा मजकूर घालतां येतो, तर रोग देणारा मजकूर काढून रोग हरणारा मजकूर कां घालूं नये?

परंतु इतके एकसारखे घटक कशासाठीं? १९५६ सालीं फ्रान्सिस क्रिक व जेम्स वॉटसन ह्यांनीं ह्याचें उत्तर साध्या हिशेबानें दिलें. न्यूक्लिक आम्ल ही प्रथिन बनविण्याची लेखी आज्ञा होय. आज आपण जाणतों कीं आज्ञेचीं तीन अक्षरें मिळून प्रथिनाचा एक दुवा ठरतो, आणि त्या तीन अक्षरांचें वजन त्या एका दुव्याच्या सुमारें नऊ-दहा पट असतें. म्हणजे आज्ञापत्राच्या वजनाच्या एक-दशांशाहून अधिक वजनाचें प्रथिन त्याला लिहितांच येणार नाहीं. आतां तंबाखूच्या विषाणूकडे पाहा. त्यांत प्रथिन आज्ञापत्राच्या पंधरा-वीस पट! एवढें कवच एकाच अखंड प्रथिनाचें असणें अशक्य. गरीब कुटुंबांत एकच साचा करून त्यावर सगळ्या विटा पाडाव्यात, तशी विषाणूची गत आहे. त्याच्याजवळ लहानशी आज्ञा आहे, म्हणून तो एकच लहान घटक शेंकडों वेळां पाडतो व त्यांची भिंत रचतो. दंडाकृति नसलेल्या, गोल दिसणाऱ्या विषाणूंतहि हीच युक्ति असली पाहिजे, आणि सारखे घटक सारख्याच रीतीनें जोडून बंद कवच करावयाचें तर त्यास ठराविक समरूपता असली पाहिजे, असें त्या दोघांनीं प्रतिपादिलें.

रोझालिंड फ्रँकलिन ही ह्याच प्रश्नाच्या मागें लागून पोलिओच्या विषाणूच्या स्फटिकांकडे वळली होती. १६ एप्रिल १९५८ रोजीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, ती कर्करोगानें वारली. तिनें आरंभिलेलें काम अॅरन क्लूग व जॉन फिंच ह्यांनीं पुरें केलें व १९५९ सालीं तो लेख तिच्या स्मृतीस अर्पण केला. पोलिओच्या कवचांत वीस त्रिकोणी पृष्ठांच्या घनाकृतीची समरूपता होती.

ह्या घनाकृतीवर एकसारखे ६० घटक अगदीं समान स्थितींत बसतात, अधिक बसत नाहींत. परंतु पुष्कळ विषाणूंत घटक त्याहून किती तरी अधिक, १८० किंवा त्याहूनहि जास्त, आढळूं लागले. हें कोडें १९६२ सालीं डोनल्ड कॅस्पर व क्लूग ह्यांनीं सोडविलें. त्यांचें म्हणणें असें कीं, घटकांनीं अगदीं तंतोतंत सारखें असण्याचा हट्ट सोडला, थोडें इकडे-तिकडे वांकणें मान्य केलें, तर कांहीं ठिकाणीं पांचांचे व कांहीं ठिकाणीं सहांचे गट करून हवें तेवढें मोठें कवच बांधतां येतें. ज्या श्रोत्यांच्या घरीं मुलांचा काळ्या-पांढऱ्या चकत्यांचा फुटबॉल असेल त्यांनीं काळ्या पंचकोनी चकत्या मोजून पाहाव्या. त्या बारा भरतील. षट्कोनांनीं सपाट फरशी होते, तिला गोलाई आणण्यास पंचकोन लागतात, आणि कवच पुरतें मिटावयास ते बाराच लागतात, अकरा पुरत नाहींत व तेरा चालत नाहींत. हा भूमितीचा नियम ऑयलरच्या काळापासून ठाऊक होता. तो सर्दीच्या विषाणूसहि बंधनकारक असेल, हें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. पुढें ह्या सिद्धांतास अपवादहि निघाले, पण त्याचा मुख्य गाभा टिकला. क्लूगला १९८२ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

येथवर झाली ती शुद्ध ज्ञानाची गोष्ट. वैद्यानें विचारावें, ह्या भूमितीचा माझ्या रोग्यास काय लाभ? ह्या प्रश्नास उत्तर देण्याची पहिली मोठी आशा १९८५ सालीं उत्पन्न झाली. त्या वर्षीं अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत मायकेल रॉसमन ह्यानें सर्दीच्या विषाणूचें, आणि कॅलिफोर्नियांत जेम्स होगल ह्यानें पोलिओच्या विषाणूचें, प्रत्येक अणूची जागा दाखविणारें चित्र सिद्ध केलें. सर्दीच्या विषाणूच्या कवचावर बारा पंचकोनी शिखरें आहेत आणि प्रत्येक शिखराभोंवतीं किल्ल्याच्या खंदकासारखी खोल दरी आहे. रॉसमनच्या मनांत एक सुंदर कल्पना आली. आमच्या शरीराचीं रक्षक प्रतिद्रव्यें जाड असल्यानें ह्या दरींत तीं सहज उतरूं शकत नाहींत. पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या रेणूस विषाणु चिकटतो तो मात्र सडपातळ असून दरींत नेमका उतरतो. विषाणु आपला बाहेरचा वेष वरचेवर पालटतो, परंतु पेशीचें कुलूप उघडणारी किल्ली खालीं सुरक्षित ठेवतो. सर्दी पुन्हां पुन्हां कां होते ह्याचें हें उत्तर आहे, असें त्या वेळीं अनेकांस वाटलें, आणि तें बऱ्याच अंशीं खरेंहि आहे.

त्या दरीच्या तळाखालीं एक लहानसा कप्पा असतो. त्यांत कांहीं रासायनिक द्रव्यें जाऊन बसतात व पाचर मारल्याप्रमाणें कवच घट्ट करून टाकतात, मग विषाणूस आपला मजकूर पेशींत सोडतां येत नाहीं, असें १९८६ मध्यें दिसून आलें. ह्या ज्ञानावर प्लेकोनारिल नांवाचें औषध बेतण्यात आलें. सर्दीवर औषध! परंतु प्रयोगांत त्यानें सर्दीचा मुक्काम साधारण एका दिवसानेंच कमी केला, शिवाय संततिनियमनाच्या गोळ्यांच्या गुणांत तें व्यत्यय आणी. २००२ सालीं अमेरिकेच्या औषधनियामक खात्याच्या सल्लागार मंडळानें तें नाकारलें. मला हा निर्णय योग्य वाटतो. जो आजार आठवड्यानें आपोआप बरा होतो त्याकरितां निरोगी माणसांच्या पोटांत घालावयाचें औषध जवळजवळ निर्दोष असावें लागतें. कुलपाचा उत्तम नकाशा हातीं असला म्हणजे दार उघडलेंच, असें होत नाहीं.

इन्फ्लुएंझाच्या बाबतींत नकाशा अधिक फळाला आला. त्या विषाणूच्या अंगावर दोन प्रकारचे खुंट असतात. एकानें तो पेशीस चिकटतो, दुसऱ्यानें नवे विषाणु पेशीपासून सुटे होतात. ह्या दुसऱ्या खुंटाची रचना ऑस्ट्रेलियांत पीटर कोलमन व जोस वर्गीस ह्यांनीं १९८३ सालीं उकलली, आणि त्यांना आढळलें कीं बाकीचा खुंट दर साथींत बदलत असला तरी त्याच्या माथ्यावरील खळगा, जेथें खरें कात्रीचें काम चालतें, तो सर्व जातींत सारखाच राहतो. त्या खळग्यांत बसेल असा रेणु तयार करण्यांत मेलबर्नच्या मार्क फॉन इट्झस्टाइन ह्याच्या गटाला यश आलें. झानामिविर १९९३ मध्यें प्रसिद्धीस आलें व १९९९ सालीं बाजारांत आलें. त्याच वर्षीं त्याच खळग्यासाठीं घडविलेलें, पण पोटांत घेण्याजोगें ओसेल्टामिविर आलें, तेंच टॅमिफ्लू. ऑगस्ट २००९ मध्यें पुण्यांत स्वाइन फ्लूनें देशांतील पहिला बळी घेतला तेव्हां हें नांव महाराष्ट्रांत घरोघरीं पोंचलें. त्याचा गुण माफक आहे, लौकर घेतलें तरच तो येतो, आणि विषाणूनें त्यावर मात केल्याचींहि उदाहरणें आहेत. तरी रचनेवरून बेतून केलेलें औषध रोग्यापर्यंत पोंचूं शकतें, हें त्यानें सिद्ध केलें.

आतां तंबाखूच्या पानावरील त्या बीजाकडे वळूं. अंगरखा ठेवून आंतील मनुष्य बदलावयाचा, ही कल्पना प्रत्यक्षांत आणण्यासाठीं प्रथम मोठ्या प्रमाणावर जे विषाणु वापरले गेले त्यांत अॅडिनोव्हायरस हा प्रमुख. त्याचें कवच फार देखणें असतें. वीस पृष्ठांवर २४० घटक, बारा कोपरे, आणि प्रत्येक कोपऱ्यावर टोंकास गांठ असलेली एक लांब दांडी. ह्या दांड्यांनीं तो पेशीस धरतो. तो पोटांत भरपूर मजकूर नेऊं शकतो, म्हणून शास्त्रज्ञांस तो आवडला. परंतु तो आपल्या शरीरास चांगला परिचित आहे, कारण सर्दी-खोकल्याच्या रूपानें तो आपल्याकडे येऊन गेलेला असतो. सप्टेंबर १९९९ मध्यें पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांतील एका प्रयोगांत यकृताच्या एका जन्मजात विकारानें ग्रस्त अशा अठरा वर्षांच्या तरुणास असें कवच मोठ्या मात्रेनें टोंचण्यांत आलें. त्याचा विकार सौम्य होता, औषधें व पथ्य ह्यांवर तो ठीक चालला होता. पुढें हा रोग घेऊन जन्मणाऱ्या अर्भकांस उपयोग व्हावा म्हणून तो प्रयोगास तयार झाला होता. त्याच्या शरीराच्या संरक्षकशक्तीनें त्या कवचावर असा भयंकर उठाव केला कीं चार दिवसांत त्याचा मृत्यु झाला. मजकूर निरुपद्रवी होता. घात झाला तो अंगरख्यामुळें. जनुकोपचाराचें सारें शास्त्र त्यानंतर कित्येक वर्षें मान खालीं घालून चाललें.

त्या कवचाचा पुढें एक उपयोग झाला तो आपल्यापैकीं पुष्कळांनीं स्वतःच्या दंडावर घेतलेला आहे. रोग बरा करण्यास जो उठाव घातक ठरतो तोच, मर्यादेंत असला तर, लसीस हवा असतो. जानेवारी २०२१ पासून भारतांत जी कोव्हिशील्ड लस कोट्यवधि लोकांस दिली गेली, जी पुण्यांतील सीरम इन्स्टिट्यूटनें बनविली, ती चिंपांझीच्या अॅडिनोव्हायरसच्या कवचांत कोरोनाच्या खुंटाचा मजकूर भरूनच केलेली होती. माणसाचा अॅडिनोव्हायरस न घेतां चिंपांझीचा घेतला, तो आपल्या शरीरास त्याची आधींची ओळख नसावी म्हणून.

रोग बरा करण्याकरितां मात्र अधिक नम्र वाहन पाहिजे होतें. तें फार पूर्वींच, १९६५ सालीं, अॅडिनोव्हायरसच्याच नमुन्यांत भेसळ म्हणून आढळलेलें होतें. हा लहानसा विषाणु दुसऱ्या विषाणूच्या मदतीवांचून वाढूं शकत नाहीं, म्हणून त्याला अॅडिनो-सहचर म्हणतात. त्यानें माणसांत कोणता ठळक रोग होतो असें दिसलेलें नाहीं. व्यास २५ नॅनोमीटर, आणि घटक बरोबर ६०, म्हणजे कॅस्पर व क्लूग ह्यांच्या यादींतील अगदीं पहिली, सर्वांत साधी आकृति. तिचा अणूअणूचा नकाशा २००२ सालीं फ्लॉरिडांत तयार झाला. कवचावरील कोणता उंचवटा पेशीस धरतो आणि कोणत्या उंचवट्यास प्रतिद्रव्यें ओळखतात, हें त्यावरून उमगूं लागलें. त्याच्या निरनिराळ्या जातींत आंतील सांगाडा बहुतेक सारखाच, फरक पडतो तो बाहेरील उंचवट्यांत, आणि तेवढ्या फरकानें एक जात यकृताकडे अधिक जाते, दुसरी डोळ्यांतील पडद्यांत वापरण्यास बरी पडते, तर नवव्या क्रमांकाची जात रक्तांतून मेंदू व मज्जारज्जूपर्यंत पोंचते.

पण पेटी लहान. तींत ४,७०० अक्षरांच्या आसपास मजकूर मावतो, अधिक नाहीं. म्हणून कोणत्या रोगावर उपचार व्हावा ह्याचा निर्णय कांहीं अंशीं रोगाच्या तीव्रतेनें न होतां जनुकाच्या लांबीनें होतो, ही गोष्ट मला नेहमीं अस्वस्थ करते. जन्मजात अंधत्वाच्या एका प्रकारांतील सदोष जनुक लहान आहे, तो पेटींत सहज बसतो, आणि त्यावरील लक्सटर्ना हा उपचार डिसेंबर २०१७ मध्यें अमेरिकेंत मान्य झाला. अर्भकांचे स्नायु निकामी करून त्यांचा श्वास बंद पाडणारा जो मज्जारज्जूचा रोग, त्याचाहि जनुक लहान. त्यावरील झोल्गेन्स्मा २०१९ मध्यें मान्य झालें. उलट डुशेन ह्या स्नायुरोगांतील जनुकाचा आवश्यक मजकूर ११,००० अक्षरांचा. तो मावेना, म्हणून त्याची कापून लहान केलेली आवृत्ति तयार करावी लागली, आणि मोठ्या ग्रंथाचा सारांश वाचून जेवढें ज्ञान होतें तेवढाच तिचा गुण. शिवाय ज्यांच्या रक्तांत ह्या कवचाविरुद्ध प्रतिद्रव्यें आधींच आहेत त्यांस हा उपचार बहुधा देतां येत नाहीं, आणि एकदां दिल्यावर तीं इतकीं वाढतात कीं दुसऱ्यांदा देणें कठीण. साऱ्या शरीराच्या स्नायूंस पोंचण्यासाठीं मात्रा फार मोठी लागते. अशा मोठ्या मात्रेच्या एका चाचणींत २०२० सालीं कांहीं बालकें यकृताच्या बिघाडानें दगावलीं. झोल्गेन्स्माची किंमत अमेरिकेंत एकवीस लाख डॉलरांवर ठेविली गेली. आपल्याकडे सोळा कोटि रुपयांचें इंजेक्शन म्हणून तें ओळखलें गेलें, आणि त्यासाठीं मध्यमवर्गीय आई-बापांनीं अनोळखी लोकांपुढें पदर पसरल्याच्या हकीकती आपण वर्तमानपत्रांत वाचल्या आहेत. ६० घटकांची एवढीशी पेटी. तिचें मोल वजनावर ठरत नाहीं, हें खरेंच. परंतु तें कशावर ठरतें हें विचारण्याचा अधिकार त्या आई-बापांस आहे.

शेवटची हकीकत एड्सच्या विषाणूची. त्याच्या एका कात्रीसारख्या प्रथिनाची रचना १९८९ सालीं कळली आणि १९९५ पासून तिच्यावरील औषधें आलीं. त्यांनीं लाखों लोकांस जगविलें. परंतु माझा विषय कवचाचा आहे. ह्या विषाणूच्या पोटांत जें कवच असतें तें ना दंड, ना चेंडू. तो एक शंकु आहे, एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस निमुळता. त्याचें कोडें १९९९ सालीं यूटा विद्यापीठांत वेस्ली सन्डक्विस्ट व त्याच्या सहकाऱ्यांनीं उलगडलें. सुमारें १,५०० प्रथिनें, बहुतेक षट्कोनांत बसलेलीं, आणि पंचकोन पुन्हां बाराच. रुंद टोंकास सात, निमुळत्या टोंकास पांच. बारांची ही वांटणी विषम झाली म्हणून चेंडूऐवजीं शंकु झाला, एवढेंच.

सन्डक्विस्टच्या प्रयोगशाळेनें २००३ सालीं आणखी एक गोष्ट ध्यानांत आणून दिली. ह्या कवचाच्या घटकांत कोठेंहि थोडासा बदल केला तरी विषाणु बहुधा लुळा पडतो. म्हणजे जो विषाणु इतर औषधांस वेष पालटून चकवितो, त्याला ह्या ठिकाणीं वेष पालटण्यास फारशी मोकळीक नाहीं. कवच फार सैल असून चालत नाहीं आणि फार घट्ट असूनहि चालत नाहीं. वाटेंत तें टिकलें पाहिजे, पेशीच्या केंद्रकाशीं पोंचल्यावर उकललें पाहिजे. ह्या सूक्ष्म समतोलावरच घाव घालावयाचें गिलिआड ह्या कंपनींतील रसायनशास्त्रज्ञांनीं ठरविलें. त्यांच्या लेनाकापाविर नांवाच्या औषधाचा रेणु षट्कोनांतील दोन शेजारच्या घटकांच्या सांध्यांत जाऊन बसतो आणि कवचाची लवचिकता घालवितो. ताठर झालेलें कवच आपलें काम करूं शकत नाहीं, अखेर तडकतें. सर्दीच्या विषाणूवर जी पाचर निष्प्रभ ठरली होती, तीच कल्पना येथें निराळ्या ठिकाणीं यशस्वी झाली.

हें औषध शरीरांत इतकें हळूहळू विरघळतें कीं वर्षांतून दोन इंजेक्शनें पुरतात. रोग्यांसाठीं तें २०२२ सालीं मान्य झालें. २०२४ मध्यें दक्षिण आफ्रिका व युगांडा येथील निरोगी तरुणींवर, संसर्ग टाळण्यासाठीं, त्याची चाचणी झाली. तें औषध घेणाऱ्या २,१३४ जणींपैकीं एकीसहि संसर्ग झाला नाहीं. जून २०२५ मध्यें अमेरिकेनें ह्या उपयोगासहि मान्यता दिली, आणि तेथील जाहीर किंमत वर्षास २८,००० डॉलरांहून अधिक ठरली. गरीब देशांसाठीं स्वस्त प्रत बनविण्याचे परवाने २०२४ च्या ऑक्टोबरांत सहा कंपन्यांस दिले गेले होते. त्यांत हैदराबादच्या दोन व पुण्याची एक कंपनी आहे. सप्टेंबर २०२५ मध्यें असें जाहीर झालें कीं २०२७ पासून हैदराबादेंत बनलेलें हेंच औषध १२० देशांत वर्षास सुमारें ४० डॉलरांस मिळेल.